जॅझ गायकी ऐकायची तर 'बेस्ट ऑफ' आधी बाजूला ठेवा

तुम्ही लिहिलंय की अमेरिकन जॅझ गायिका बिली हॉलिडेचा 'बेस्ट ऑफ' डबल एलपी (निवडक गाण्यांच्या दोन लाँगप्ले तबकड्या) घेतला, दोनदा लावला, आणि 'एकाच बाईचे तीन आवाज ऐकू येतात, यातला खरा कुठला' असं वाटून ठेवून दिला. शिवाय रविवारी ऐकायला जमणाऱ्या मित्रमंडळींसाठी चारपाच अल्बम हवेत. हा त्रास माझ्या चांगला ओळखीचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तिन्ही आवाज खरेच आहेत. १९३७ची बिली विशीतली. ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं, त्यातला बराच भाग टेडी विल्सनचा पियानो आणि लेस्टर यंगचा सॅक्सोफोन यांचा. १९४४ ते ५० डेका कंपनीसाठी गायलेली बिली वेगळी, मागे बऱ्याचदा व्हायोलिनांचा ताफा. आणि १९५८च्या 'लेडी इन सॅटिन'मध्ये आवाज पार चिरलेला. पुढच्या वर्षी जुलैत ती गेलीच. संकलन करणारे ही तीन वयं कशीही पुढेमागे लावतात. कान एका आवाजाला सरावतो न सरावतो तोच गाणं बदलतं, वाद्यमेळ बदलतो, ध्वनिमुद्रणाची जातही बदलते. माझं ठाम मत : जॅझ गायनात एकक गाणं नाही, सत्र (एका बैठकीतलं ध्वनिमुद्रण) आहे. कोणत्या तारखेला, कोणत्या वादकांबरोबर गायली, हे कव्हरवर छापलेलं नसेल तर ती तबकडी घेऊ नका.

आता पैसे जिथे खरे बुडतात ते. युरोपात ध्वनिमुद्रणाचं संरक्षण पूर्वी ५० वर्षं होतं. २०१३मध्ये ते ७० झालं, पण तोवर मुदत संपलेल्या, म्हणजे १९६३च्या आधी प्रकाशित झालेल्या तबकड्यांना ते परत मिळालं नाही. म्हणून त्या काळातलं काहीही तिथे कुणीही छापू शकतं. यात सगळेच वाईट नाहीत, पण बऱ्याच स्वस्त एलपी मूळ टेपवरून नव्हे, सीडीवरून काढलेल्या असतात. कव्हरवर '१८० ग्रॅम' ठळक छापलेलं असतं. ते प्लास्टिकचं वजन आहे, ध्वनी कुठून घेतला याचा त्यातून काहीच पत्ता लागत नाही. आणि विक्रेते! एक मोठा ऑनलाइन विक्रेता (नाव घेत नाही) फोटो एका आवृत्तीचा लावतो, पाठवतो दुसरीच. कोणती आवृत्ती आली हे नक्की कळायला लेबलाजवळच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक वाचावा लागतो. तो सील फोडल्याशिवाय दिसत नाही, आणि सील फोडलं की परतावा नाही. तक्रार केली की 'माल नवा व सीलबंद होता' एवढंच उत्तर. म्हणून पैसे भरण्याआधीच मागच्या कव्हरचा फोटो, कॅटलॉग क्रमांक आणि मास्टरिंग (तबकडी छापण्याआधीची ध्वनीची अंतिम तयारी) कुणी केलं त्याचं नाव मागा आणि ते डिस्कॉग्ज या तबकड्यांच्या आवृत्त्या नोंदवणाऱ्या संकेतस्थळावर ताडून पाहा. मास्टरिंगवाल्याचं नावच नसेल तर सोडून द्या.

दुसरी फसगत खोट्या स्टिरिओची. स्टिरिओ एलपी बाजारात आल्या १९५८ला. १९५४च्या सत्रावर 'स्टिरिओ' छापलेलं असेल तर बहुधा मोनो (एकाच वाहिनीचा) ध्वनी ओढूनताणून दोन बाजूंना फाडलेला असतो : खर्ज एकीकडे, तार दुसरीकडे, वर प्रतिध्वनी. आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटतो. अशी तबकडी घरात असेलच तर अॅम्प्लिफायरचं मोनो बटण दाबून बघा, थोडंफार सुसह्य होतं.

आता अल्बम. दोन आधी घ्या आणि एकाच दिवशी ऐका : 'एला अँड लुई' (ऑगस्ट १९५६, एला फिट्झजेराल्ड आणि लुई आर्मस्ट्राँग, साथीला पियानोवादक ऑस्कर पीटरसनची मंडळी) आणि बिलीचा 'साँग्ज फॉर डिस्टँगे लव्हर्स' (जानेवारी १९५७, सॅक्सोफोनवर बेन वेबस्टर, ट्रंपेटवर हॅरी एडिसन). दोन्हींचा निर्माता नॉर्मन ग्रँझ, मध्ये जेमतेम पाच महिने, आणि 'अ फॉगी डे' व 'स्टार्स फेल ऑन अलाबामा' ही गाणी दोन्हींत आहेत. एकच बंदिश दोन घराण्यांत ऐकावी तशी ती पाठोपाठ लावा. एला सुराच्या आणि लयीच्या मधोमध चालते. बिली शब्द ठोक्याच्या मागे टाकते आणि ओळ संपता संपता गाठते. मंडळींना हे एकदा ऐकू आलं की समजावून सांगावं लागत नाही.

मग गायिका सारा वॉनचा ट्रंपेटवादक क्लिफर्ड ब्राउनबरोबरचा अल्बम (डिसेंबर १९५४, नऊ गाणी, मोनोच घ्या). 'ललबाय ऑफ बर्डलँड'च्या शेवटी तिचा आवाज आणि वाद्यं आळीपाळीने तुकडे घेतात, तिथे सगळ्यांना गप्प बसवा. पुरुष आवाजात 'जॉन कोल्ट्रेन अँड जॉनी हार्टमन' (१९६३, सॅक्सोफोन कोल्ट्रेनचा, गाणं हार्टमनचं) : सहा गाणी, अर्ध्या तासाच्या आसपास. ट्रंपेटवादक-गायक चेट बेकरच्या 'चेट बेकर सिंग्ज'च्या १९५४च्या दहा इंची तबकडीवर आठ गाणी होती, १९५६च्या बारा इंचीवर चौदा. पुढच्या एका आवृत्तीत वरून गिटार चढवलेली आहे, ती टाळा. मला स्वतःला बेकरचं गाणं फार सपाट वाटतं. अनेक जाणकार याच्याशी सहमत नसतील.

स्ट्रीमिंगवर ऐकणार असाल तर शफल आणि क्रॉसफेड (एक गाणं दुसऱ्यात मिसळणं) बंद करा. 'कम्प्लीट' नावाच्या संचांना लगेच हात लावू नका, एकाच गाण्याचे तीन टेक (त्याच सत्रात पुन्हा पुन्हा गायलेले प्रयत्न) ओळीने येतात आणि नवखा माणूस कंटाळतो. ते दुसऱ्या वर्षासाठी.

जाता जाता : सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनच्या 'सायन्स फिक्शन'मध्ये (१९७२) दोन गाणी गायलेली आशा पुथली आपल्या मुंबईची. अल्बम अवघड आहे, पण तेवढी दोन गाणी जरूर ऐकवा.

'लेडी इन सॅटिन' मात्र शेवटी, आणि १९३७ची बिली ऐकून झाल्यावरच. मूळ स्टिरिओ एलपीत 'दि एंड ऑफ अ लव्ह अफेअर' नव्हतं, ते फक्त मोनोत होतं. घेताना गाण्यांची यादी बघून घ्या. किमती मी लिहिलेल्या नाहीत, त्या सारख्या बदलतात.