ॲक्सल बदला, पण ४०१(के)ला हात नको

प्रश्न: मी डेन्व्हरला राहतो, एकटाच आहे, पगार वर्षाला ९६,००० डॉलर. ४०१(के)मध्ये, म्हणजे कंपनीमार्फतच्या निवृत्ती खात्यात, पगाराचे ४ टक्के टाकतो, कंपनीही तेवढेच टाकते. २००२ची जीप रँग्लर आहे, ३३ इंची टायर, ॲक्सलचा मूळ गिअर रेशो ३.०७ (चाकाच्या एका फेऱ्याला प्रॉपेलर शाफ्टचे ३.०७ फेरे). मागचा डाना ३५ ॲक्सल काढून जंकयार्डमधल्या १९९९च्या फोर्ड एक्सप्लोररचा ८.८ ॲक्सल (रेशो ४.१०) डिस्क ब्रेकसकट घरीच मित्रांबरोबर बसवायचा आहे. अंदाज २,५०० डॉलर. त्यासाठी दहा महिने ४०१(के) थांबवलं तर चालेल का?

उत्तर: नाही. ॲक्सल जरूर बदला, पैसे तिथून काढू नका.

तुमचे ४ टक्के म्हणजे महिन्याला ३२० डॉलर. ते थांबवले की त्यावर फेडरल आणि कोलोरॅडोचा कर लागतो, हातात येतात जेमतेम २३५. शिवाय कंपनीचे ३२० बुडतात ते वेगळेच. दहा महिन्यांत खिशात २,३५० येतील आणि निवृत्तीच्या खात्यात ६,४०० कमी पडतील. इतकं महाग कर्ज क्रेडिट कार्डवालेही देत नाहीत.

आता तुमचा अंदाज. निवड चुकलेली नाही: डाना ३५च्या शाफ्टला २७ स्प्लाइन (टोकावरचे दाते), ८.८च्या शाफ्टला ३१, म्हणजे तो जास्त मजबूत. चाकाचा बोल्ट पॅटर्न तोच, त्यामुळे नवे रिम नकोत. पण पुढचा ॲक्सल हिशेबात धरलेलाच नाही. मागे ४.१० आणि पुढे ३.०७ ठेवून फोर-व्हील लावलंत तर दोन्ही ॲक्सल एकमेकांशी भांडतील आणि त्याचा मार पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसला बसेल. म्हणजे पुढच्या डाना ३०लाही ४.१०चे गिअर हवेत, आणि ३.०७चा कॅरिअर (गिअर ज्यावर बसतो तो भाग) त्यांना चालत नाही, तोही नवा. शिम (पातळ चकत्या) लावून बॅकलॅश (गिअरच्या दात्यांमधली मोकळीक) जुळवणं घरच्या गॅरेजमध्ये पहिल्याच खेपेला जमेल यावर मी पैसे लावणार नाही. मागे कॉइल स्प्रिंगसाठी ब्रॅकेट किट, प्रॉपेलर शाफ्टची जोडणी आणि हँडब्रेकच्या केबलही लागतील. या सगळ्याचं लेखी कोटेशन घ्या. माझ्या मते २,५००मध्ये हे बसणार नाही.

बोल्ट खोलणं, ब्रेक पॅड, डिस्क, तेल, ब्लीडिंग (ब्रेकमधली हवा काढणं) हे तुम्ही मित्रांबरोबर करा, मजुरी वाचते ती तिथेच. ब्रॅकेटचं वेल्डिंग मात्र पैसे देऊन जाणत्या वेल्डरकडून. हीच गाडी ऑफिसलाही नेत असाल तर ती स्टँडवर असेपर्यंतच्या भाड्याच्या गाडीचा खर्चही धरा, कारण ‘एका वीकेंडचं काम’ एका वीकेंडमध्ये संपत नाही.

पैशांसाठी वेगळं बचत खातं उघडा, त्यात दरमहा २५० डॉलर आणि टॅक्स रिफंड आला तर तो. आणीबाणीचा निधी तसाच राहू दे. काम सुरू करण्याआधी विमा कंपनीला फोन करून बदल कळवा. नंतर बसवलेल्या भागांना बऱ्याच पॉलिसीत ठरावीक मर्यादेपर्यंतच संरक्षण असतं, वरच्या रकमेसाठी जादा हप्ता लागतो. विकताना हा खर्च वसूल होईल हे मात्र गृहीत धरू नका.

तोवर खडकाळ ऑफ-रोड वाटांच्या मोआबला (युटा) जायचंच झालं, तर मागच्या डाना ३५वर लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा भाग) बसवू नका आणि खडकावर चाक अडकलं की ॲक्सिलरेटर दाबण्याआधी विंच (गाडी ओढणारी केबलची चरखी) वापरा.