‘ओटीपी माझ्याकडेच येतो’

ऐरोलीहून एक वडील लिहितात : ‘मुलगा २२ वर्षांचा असून बी. कॉम. झाला आहे. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचा अर्ज मीच भरला. त्याच्या बँक खात्याला माझा नंबर असल्याने ओटीपी माझ्याकडेच येतो, ती काळजी नाही. तो मात्र महापे येथील एका कंपनीत अप्रेंटिस म्हणून जायचे म्हणतो. सरकारी कार्यालयात एकदा शिरला की पुढे कायम होईल, हे त्याला कसे पटवावे?’

स. न.

आपण काळजी नाही म्हणता तिथेच मला काळजी वाटली. मतदानाचा हक्क मिळून ४ वर्षे झालेल्या मुलाचा अर्ज आपण भरणार, कार्यालय आपण निवडणार आणि पदवीधरांना मिळणारे दरमहा १०,००० रुपयांचे विद्यावेतन त्याच्या खात्यात जमा झाल्याचा संदेशही आपल्यालाच येणार असेल, तर या सगळ्यात त्याने शिकायचे ते काय? पहिल्या कमाईचा हिशेब त्याने स्वतः ठेवावा, एखाद्या महिन्यात तो चुकला तरी चालेल. त्याला महापेची कंपनी का हवी, याविषयी आपल्या पत्रात एक ओळही नाही. बहुधा आपण विचारलेच नसावे.

आता ‘कायम होईल’ या समजुतीविषयी. २०२४ मध्ये सुरू झालेली ही योजना प्रशिक्षणाची आहे, भरतीची नाही. तिची मुदत ६ महिन्यांवरून ११ महिने झाली, पण मुदत वाढली म्हणून पद निर्माण होत नाही, आणि कायम करण्याच्या मागणीसाठी प्रशिक्षणार्थींना आंदोलने करावी लागली, हे आपण वाचले असेलच. रीतसर निवडीशिवाय तात्पुरते काम केलेल्यांना कायम होण्याचा हक्क आपोआप मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००६ मध्ये उमादेवी खटल्यात स्पष्ट केले आहे. सरकारी नोकरीच हवी असेल तर स्पर्धा परीक्षा आहेत, मात्र त्या मुलाने मनापासून द्यायला हव्यात.

१९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसारही नोकरीची हमी नसते, हे त्यालाही सांगतो. तरीही वाणिज्य पदवीधराला जीएसटीची विवरणपत्रे आणि टॅलीवरील नोंदी प्रत्यक्ष हाताळायला मिळणार असतील, तर मी महापेच्याच बाजूने आहे. करारावर सही करण्यापूर्वी काम कोणते, मुदत किती आणि विद्यावेतन किती, एवढे त्याने स्वतः विचारून घ्यावे. खात्याचा नंबर बदलण्यासाठी त्याला बँकेत एकट्यालाच जाऊ द्या. पुढचे पत्रही त्यानेच लिहावे. उत्तर मी त्याच्याच नावाने देईन.