वाचकांचे प्रश्न : द्राक्षबागेतील टोळी आणि क्षयरोग

प्रश्न : दिंडोरी तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीसाठी दरवर्षी सुरगाण्याकडची टोळी येते आणि शेतातल्या शेडमध्येच राहते. यंदा टोळीतील एका तरुणाचा खोकला थांबेना, म्हणून त्याला ग्रामीण रुग्णालयात नेले, तर बेडक्याच्या तपासणीत क्षयरोग निघाला. दीड महिना गोळ्या घेतल्यावर त्याचा खोकला थांबला आणि अंगही भरले. आता तो गोळ्या बस झाल्या म्हणतो. टोळीतील बायका त्याचे ताट वेगळे ठेवतात, मुकादम त्याला गावी धाडा म्हणतो. डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवण्याचे काम) उरकले की टोळी तशीही परत जाणार आहे. मी काय करावे?
— एक बागायतदार, जि. नाशिक

उत्तर : तुम्ही त्याला वेळेवर रुग्णालयात नेलेत, हे मोठेच काम झाले आहे. बागेतल्या मजुराचा खोकला बहुधा फवारणीच्या माथी मारला जातो आणि निदानावाचून महिने निघून जातात. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला, संध्याकाळचा बारीक ताप किंवा घटणारे वजन यांपैकी काहीही दिसले, तरी तपासणी व्हायलाच हवी.

गोळ्या मात्र आज थांबवता येणार नाहीत. साध्या क्षयरोगाचा उपचार सहा महिन्यांचा असतो. पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढचे चार महिने त्यांतली तीन. बहुतेक जंतू सुरुवातीच्या आठवड्यांतच मरतात, म्हणून खोकला थांबतो आणि भूक परतते. परंतु सावकाश वाढणारे थोडे जंतू फुप्फुसात टिकून राहतात, आणि औषध मध्येच सुटले तर रोग उलटतो, प्रसंगी नेहमीच्या औषधांना दाद न देणारा होऊन उलटतो. त्याला गोळ्या का नकोत, हे एकदा शांतपणे विचारून पाहावे. या गोळ्यांतील रिफाम्पिसिन या औषधामुळे लघवी लालसर-नारिंगी होते, आणि ते रक्त समजून घाबरलेले रुग्ण कोणाला न सांगता औषध सोडतात. हा रंग निरुपद्रवी आहे. डोळे पिवळे दिसू लागले, सतत उलट्या होऊ लागल्या किंवा अन्नावरची वासनाच गेली, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. उपचार चालू असेपर्यंत दारू पूर्ण बंद असावी.

क्षयरोग ताटवाटीतून, कपड्यांतून किंवा एकत्र काम केल्याने पसरत नाही. तो बंद जागेत, खोकल्यातून हवेत आलेल्या जंतूंमुळे पसरतो. औषधे लागू पडत असतील, तर साधारण दोन आठवड्यांतच रुग्णापासूनचा संसर्ग बराच कमी होतो, आणि हा तरुण तर दीड महिना औषधांवर आहे. त्यामुळे ताट वेगळे करण्याचे किंवा त्याला कामावरून काढण्याचे कारण उरत नाही. लक्ष द्यायचे ते शेडकडे. थंडीत रात्री सगळीकडून गोणपाटे लावून दहाजण दाटीने झोपतात, ती जागा समोरासमोरच्या झरोक्यांनी वाहती ठेवावी. उपचार सुरू होण्यापूर्वी त्या शेडमध्ये जे जे झोपत होते, त्या सर्वांची तपासणी करून घ्यावी. रोग नसलेल्या सहवासितांना, विशेषतः लहान मुलांना, डॉक्टर प्रतिबंधक उपचार सुचवू शकतात. हे काम नेहमी राहून जाते, म्हणून आवर्जून लिहीत आहे.

आता गावी जाण्याविषयी. माझ्या मते आपल्या जिल्ह्यात उपचार तुटण्याचा सर्वांत मोठा धोका बाग आणि गाव यांच्या मधल्या वाटेवरच आहे. सरकारी नोंदणीनंतर प्रत्येक रुग्णाला निक्षय क्रमांक मिळतो आणि त्या आधारे उपचार त्याच्या गावाजवळच्या आरोग्य केंद्राकडे वर्ग करता येतो. टोळी निघण्याच्या आठवडाभर आधी आरोग्य कर्मचाऱ्याला तारीख कळवावी, मधल्या दिवसांच्या गोळ्या बरोबर द्याव्यात आणि गावच्या आशाताईंना निरोप जाईल हे पाहावे. 2018 मध्ये महिना 500 रुपयांनी सुरू झालेली निक्षय पोषण योजनेची, म्हणजे क्षयरुग्णाच्या आहारासाठीची सरकारी मदत नोव्हेंबर 2024 पासून महिना 1000 रुपये झाली आहे. ही रक्कम थेट बँक खात्यात येते, म्हणून त्याचे खाते जोडले आहे ना, हे विचारून घ्यावे. अडचण आल्यास 1800-11-6666 हा मोफत क्रमांक आहे.

दोन महिने पूर्ण होताच त्याचा बेडका पुन्हा तपासला जाईल. त्या दिवशीची त्याची हजेरी कापू नये, आणि मुकादमालाही हे आधीच सांगून ठेवावे.