माथ्यावरची रास

अनेक उत्तम आशीर्वाद.

इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या माळरानावर पहिल्याच फेरीत तुला अकरा थडगी, म्हणजे मृतांवर रचलेल्या दगडांच्या राशी, सापडल्या, हे वाचून हसू आलं. रागावू नकोस. पण जुन्या बांधांना लागून असलेल्या सहा नोंदी तूर्त पेन्सिलीतच राहू देत. शेत करताना वेचून टाकलेल्या दगडांचेही असेच ढीग होतात, आणि तिथे कांस्ययुगात शेती होतीच. कडेनं मोठे दगड लावून आखलेला गोल दिसला, मध्ये मृताला ठेवायच्या दगडी पेटीची फळी डोकावली, तर गोष्ट वेगळी. माथ्यावर खळगा असेल तर धनाच्या आशेनं कुणीतरी आधीच खणून गेलंय, असं बहुधा समजावं.

तू प्रत्येक रास मापलीस, पण तिथून खाली पाहिलं नाहीस. कितीतरी राशी खऱ्या शिखरावर नसतात. जरा अलीकडे, उताराच्या कडेवर असतात. वर उभं राहिलं की जागा चुकल्यासारखी वाटते. खोऱ्यात उतर, मग तीच कडा आभाळाला टेकलेली दिसेल. वहीत एक रकाना वाढव: कुठून दिसते?

पेटी रिकामी निघाली म्हणून कुणी नव्हतंच असं लिहू नकोस. तिथल्या आम्लधर्मी मातीत न जळलेली हाडं विरघळून जातात. उलट डार्टमूरवरचीच व्हाइटहॉर्स हिल ही टेकडी बघ. सुमारे ६०० मीटर उंचीवर, पीटमध्ये, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या ओल्या थरात, बुडालेली पेटी २०११ साली उघडली. आत जळलेल्या अस्थी, त्या अस्वलाच्या कातड्यात गुंडाळलेल्या. सालीच्या तंतूंची टोपली, अंबराचे मणी, गाईच्या केसांच्या वेणीत कथिलाच्या टिकल्या ओवलेलं कंकण. आणि लाकडाच्या कुड्या! साडेतीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या कुड्या. पीटच्या ओलीत हवा पोचली नाही, म्हणून एवढं टिकलं. सोनं शोधणाऱ्यांना यातलं काय कळलं असतं?

दगड मात्र हलवू नकोस, वर एखादा ठेवूही नकोस. तरुणपणी अशाच एका माथ्यावर वारा चुकवायला मी दगडांच्या आडोशाला बसून डबा खाल्ला होता. तो आडोसा राशीचेच दगड उपसून वाटसरूंनी केलेला, हे डबा संपल्यावर लक्षात आलं.

सहा नोंदींचे फोटो संध्याकाळच्या तिरप्या उन्हात परत काढ. आणि उंच बूट घे, पीटमध्ये पाय घोट्याच्या वर रुततो.