पुराच्या फोटोतले बाबा

प्रश्न : २०१९च्या पुरात सांगलीच्या गावभागातलं आमचं घर माळ्यापर्यंत बुडालं. बाबा शिंपी. मशीन, कपाटं, गाद्या, सगळं पुन्हा घेतलं. पण तेव्हा धान्याचं किट वाटणाऱ्या एका मंडळानं बाबांना दोनदा उभं करून फोटो काढला आणि तो मोबाइलवर फिरला. तेव्हापासून ते कुठेच फोटोला उभे राहत नाहीत, माझ्या लग्नातही राहिले नाहीत. भाऊ म्हणतो, रोज हरिपाठ म्हणतात आणि अहंकार सुटत नाही. खरं आहे का?

उत्तर : नाही हो ताई. भावाला सांगा, मान जपणं आणि अहंकार एक नव्हे.

आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, त्या आठवड्यात मी मिरजेच्या एका शाळेत छावणीवर होते. निवृत्त शिक्षिका, म्हणून यादी माझ्या हातात. सही, अंगठा, पुढचा! आणि हो, फोटो मीही काढायला लावले. हिशेबाला लागतात म्हणे. कुणाच्या तोंडाकडे बघितलं असेल तर शपथ.

हरिपूरच्या एक आजी किट घेऊन गेल्या आणि जरा वेळानं परत आल्या. मला वाटलं, काहीतरी कमी पडलं असणार. तर किटातली चहापुडी आणि साखर पुढे धरून म्हणाल्या, "बाई, सकाळधरनं उभ्या हायसा. च्या टाकू का?" खिचडीच्या शेगडीवर त्यांनी चहा केला. मी कप तोंडाला लावेपर्यंत हलल्या नाहीत. मग पदर सावरून ताठ मानेनं गेल्या.

गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हातात घ्यायचे, भाकरीचं नंतर. आजींचा चहा त्यातलाच. तुमच्या बाबांना तेवढी सवड कुणी दिली नाही. हात पुढे केला, तोच फोटो निघाला.

फोटोसाठी त्यांची मनधरणी करू नका. माउलींची पालखी लोणंद-फलटणला मुक्कामाला असते, तेव्हा वारकऱ्यांच्या उसवलेल्या पिशव्या शिवून देणारे शिंपी मी पाहिलेत. पैसे नाहीत. काम झालं की शिंपी वारकऱ्याच्या पाया पडतो आणि वारकरी शिंप्याच्या. दोघंही एकमेकांना माउलीच म्हणतात. येत्या आषाढीला बाबांना विचारून बघा. हातमशीन घेऊन निघाले, तर तुम्हीही बरोबर जा, दोरा ओवून द्यायला.

मोबाइल तेवढा घरी ठेवा.