डाळ बंद, चीज चालू?

प्रश्न: बाबांची किडनी स्टेज ४ ला आहे, डायलिसिस अजून नाही. रक्तातला फॉस्फरस वाढून ५.८ आला म्हणून आम्ही डाळ, शेंगदाणे सगळं बंद केलं, तरी कमीच होत नाहीये. काय चुकतंय?

उत्तर: ताई, आधी फ्रिज उघडून बघा बरं! डाळ-दाण्यातला फॉस्फरस फायटेट नावाच्या वनस्पतींतल्या घटकात अडकलेला असतो, तो निम्म्याहून कमीच अंगी लागतो, पण पॅकेटबंद खाण्यात वरून घातलेलं फॉस्फेट, म्हणजे फॉस्फरसचंच एक रूप, बहुतेक सगळंच्या सगळं रक्तात जातं, आणि कमजोर किडनी ते बाहेर टाकू शकत नाही, मग हाडांतलं कॅल्शियम निघायला लागतं, रक्तवाहिन्या कडक होतात, अंगाला खाज सुटते ती वेगळीच. गंमत म्हणजे पाकिटावरच्या न्यूट्रिशनच्या चौकटीत फॉस्फरस बहुतेक वेळा लिहिलेलाच नसतो. म्हणून बारीक अक्षरातली घटकांची यादी वाचा, चष्मा लावून! ३३८ ते ३४१ किंवा ४५० ते ४५२ हे आयएनएस नंबर, म्हणजे खाण्यात वरून घातलेल्या पदार्थांचे कोड, दिसले की समजा फॉस्फेट आहे. काळ्या कोलात ३३८ म्हणजे फॉस्फोरिक अ‍ॅसिड, चीज स्लाइसमध्ये ३३९ नाहीतर ४५२, फ्रोझन नगेट्समध्ये ४५१, विकतच्या केकमध्ये ४५०. नातवंडांसाठी आणलेलं आजोबाही खातात हो, सगळ्या घरात तेच चाललेलं असतं. डाळ किती द्यायची ते प्रोटीन आणि पोटॅशियम बघून डाएटिशियनला ठरवू द्या, स्वतःच्या मनाने पूर्ण बंद नको. आणि फॉस्फेट बाइंडरची, म्हणजे जेवणातलं फॉस्फेट पोटातच पकडून ठेवणारी, गोळी चालू असेल तर ती जेवतानाच घ्यायची, उपाशीपोटी घेतली तर ती पकडणार काय?