धुतल्यावरही बॉनेटवर हात फिरवला की खरखर लागते. क्ले बार कोणता घेऊ आणि कसा वापरू?

क्ले बार म्हणजे रंगात रुतलेले कण ओढून काढणारी मऊ, मातीसारखी वडी. घरच्या गाडीसाठी फाइन, म्हणजे सर्वांत सौम्य ग्रेडचाच क्ले बार घ्या. मीडियम किंवा हार्ड ग्रेड रंगावर बारीक ओरखडे पाडतो आणि मग पॉलिश करावंच लागतं. मी डिटेलिंगचंच काम करतो, आणि रोजच्या वापरातल्या बहुतेक गाड्यांना फाइन पुरतो. ती खरखर म्हणजे ब्रेकची लोखंडी धूळ, झाडाचा चीक, शेजारच्या रंगकामाचे उडालेले कण. हे रंगात रुतून बसतात, शाम्पूने निघत नाहीत. हात पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून पत्र्यावरून फिरवा, कण नेमके कुठे आहेत ते लगेच कळेल.

गाडी धुऊन सावलीत उभी करा, पत्रा गार असू द्या. क्लेचा छोटा तुकडा तोडून मळून चपटा करा. क्ले ल्युब (क्ले घसरता ठेवणारा स्प्रे) भरपूर फवारा (कंजुसी इथेच महागात पडते) आणि दाब न देता सरळ रेषेत फिरवा, गोल गोल नाही. आधी क्ले अडखळतो, मग आवाज थांबून सुळकन सरकायला लागला की तेवढा भाग झाला. मळलेली बाजू आत दुमडत राहा. तुकडा जमिनीवर पडला तर सरळ फेका. चिकटलेली वाळू धुऊन निघत नाही.

क्लेने जुनं वॅक्सही निघतं, म्हणून त्याच दिवशी नवीन वॅक्स किंवा सीलंट (रंगावरचा कृत्रिम संरक्षक थर) लावा. मॅट रंगाच्या गाडीवर मात्र क्ले वापरू नका, घासलेल्या जागी चकाकणारे डाग पडतात.